राहिलेली दुसरी भेट

मित्रांनो, बाई गेल्या हे मला दारातल्या बोलण्यावरून कळले.

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्या पोटात रंगीत ठोकळे आहेत. त्यांवरून बाई लहान मुलांची बुद्धी तपासत. त्या सकाळी बेल वाजली तेव्हा मला वाटले, आता माझे झाकण उघडणार. दार उघडले ते बाईंच्या यजमानांनी.

"बाईंनी आज बोलावलं होतं," एक आई म्हणाली. तिच्याबरोबर तिची चार वर्षांची मुलगी होती. "त्यांनी सांगितलं तसं झोपवून, खाऊ घालून आणलंय हिला."

"ती गेली हो," यजमान म्हणाले. "परवा, दवाखान्यात."

सुताराने मला बनवताना ठोकळ्यांचे कोपरे घासून गोल केले होते. थंडीत बाई ठोकळे आधी तळहातात धरून गरम करत. गार ठोकळा मूल टाकून देते. लोक माझे कौतुक करत, "तासाभरात पोराचं डोकं कळतं म्हणे!" बाईंना ते आवडत नसे. "अहो, बूट चावत असला तरी बुद्धीचा आकडा खाली येतो," त्या म्हणत. "एवढ्याशा मुलाला दोनदा भेटावं. आमचे हे पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं, हा माणूस ढ आहे. दुसऱ्यांदा भेटले म्हणून लग्न झालं!" आतल्या खोलीतून यजमान ओरडत, "अजून पास केलेलं नाही!"

ही मुलगी पहिल्या भेटीत झोपेतून उठून आली होती. तिने काहीच रचले नाही. पिवळा ठोकळा मुठीत धरून ती नुसती बसली.

"अगं, घरी दिवसभर रचतेस, इथंच काय झालं?" आई रडकुंडीला आली.

मूठ सुटेना. बाई म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या वेळी घेऊन ये हं."

शाळेला आकडा हवा होता. तो कमी आला तर मुलीला मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवणार होते. बाईंनी आकडा कळवला, पण फोनवर बजावले, "हा कच्चा धरा. मी पुन्हा बघेपर्यंत तिला हलवू नका."

त्या सकाळी मुलीने दारातच मूठ उघडली, आत तोच पिवळा ठोकळा होता. यजमानांनी तिला आत घेतले आणि ठोकळा माझ्यात ठेवला, पण चुकीच्या खाचेत. मुलीने तो काढला आणि बरोबर जागी बसवला. मग शेजारचे दोन उलटे पडलेले ठोकळेही सरळ केले. यजमानांनी ते पाहिले. पण त्यांच्या पाहण्याचा आकडा होत नाही.

"दुसरं कुणी करतं का हो हे?" आईने विचारले.

"विचारून सांगतो."

त्यानंतर मी कपाटावर आहे. झाकणावर धूळ बसली आहे. आता माझे ठोकळे कुणी गरम करत नाही. बाईंच्या ओळखीच्या लोकांना विचारायचे तर आधी बाई गेल्या हे सांगावे लागते, म्हणून यजमान फोन उचलतात आणि परत ठेवतात. संध्याकाळी ते माझ्यासमोर बसतात.

मित्रांनो, एका भेटीत कुणी तुम्हाला ढ म्हटले, तर त्यांना पुन्हा भेटायला सांगा. तुम्हीही कुणाला एकदाच पाहून ढ ठरवू नका.

परवा त्या आईचा फोन आला होता. शाळेने तोच कच्चा आकडा धरून मुलीला वेगळ्या वर्गात बसवले आहे. तिची दुसरी भेट अजून झालेली नाही.