भुंग्याला दिलेल्या शिव्या

सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही, हा नियम ठमाबाईनं केलेला नव्हता. तिनं केला असता तर त्यात चार पळवाटा ठेवल्या असत्या. जावई समोर आला की पदर डोक्यावर घ्यायचा आणि बोलायचं ते लेकीला. “स्वरूपा, तुझ्या मालकास्नी इचार, भाकरी अजून पायजे का.” मालक हाताच्या अंतरावर मांडी घालून बसलेला. तो बायकोला सांगणार, बायको आईला. एक भाकरी ताटात पडायची तर तिला तिघांच्या तोंडून जावं लागायचं.

सणावाराला दोन दिवस येणाऱ्या जावयापुरतं हे ठीक होतं. पण रविराज आता कायमचा राहायला आला होता. बारामतीकडच्या कुठल्याशा कारखान्यात तो स्टोअरला होता. तिथलं कंत्राट संपलं, आणि त्याच महिन्यात ठमाबाईच्या गुडघ्यानं राम म्हटला. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा नाही. वाडग्यात छप्पन्न मेंढरं ओरडतायत आणि हिला खाटेवरून उठायला दोन माणसं लागतायत. स्वरूपा सकाळीच इंदापूरला दवाखान्यात कामाला जायची. वरकुट्याच्या माळावर मेंढरं घेऊन जायला उरला कोण, तर हा.

“दसऱ्यापातूर बघती,” ठमाबाईनं लेकीला सांगून टाकलं होतं. “तुझ्या मालकाला कळप एकट्यानं फिरवता आला तर बरं. न्हायतर समदी मेंढरं व्यापाऱ्याला.” व्यापारी म्हणजे शेवटी खाटीक, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. बोलताना तिनं वाडग्याकडं पाठ केली होती. त्यातल्या निम्म्या मेंढ्यांना कोकरं असताना तिनं बाटलीनं पाजलं होतं.

आणि ती पाजलेली जित्राबं आता कुणाच्या हाती, तर वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या या गड्याच्या. यानं आयुष्यात मेंढरू पाहिलं ते ताटात. पायात पांढरे बूट. लेंडी चुकवत वाडग्यात शिरायचा, जणू लग्नाच्या मांडवातून चाललाय. मेंढरं तीनदा मोजायचा आणि तीन आकडे सांगायचा. स्टोअरला होता म्हणे! त्या कारखान्याचा माल कसा टिकला असेल, देव जाणे.

कळपाला कुत्रं होतं. भुंग्या, वर्षाचा, काळा, कानाशी पांढरा ठिपका. त्याची आई उन्हाळ्यात मेली, त्यामुळं त्याला शिकवणारं कुणी राहिलं नव्हतं. कुत्रीच पिल्लाला शिकवते, माणूस नुसता मागून चालतो, अशी ठमाबाईची समजूत. रविराजची समजूत मोबाइलमधली. त्यात कुठल्यातरी हिरव्यागार मुलखातला माणूस फाटकाला टेकून शिट्टी मारायचा, कुत्रं डोंगर उतरून पळायचं आणि मेंढरं शाळेतल्या पोरांसारखी ओळीनं आत. रविराजनं इंदापूरहून शिट्टी आणली. एक फुंक म्हणजे बस, दोन म्हणजे डावीकडं, लांबलचक फुंक म्हणजे परत ये. भुंग्याला ते पाठ व्हायच्या आत रविराज स्वतःच विसरायचा आणि मग दोघं एकमेकांकडं बघत उभे.

ठमाबाई शेवग्याखाली खाटेवर पाय लांब करून हे बघायची. पोटात शब्द नुसते उकळायचे. लेक दवाखान्यात. सांगायचं कुणाला? आठवडाभर तिनं दम काढला, आणि मग तिला वाट सापडली.

“भुंग्या,” ती म्हणाली, “आरं, शिट्टी झाली न्हवं? चढ की मग, गाडी सुटंल.”

भुंग्याची मान वळली. रविराजचीही वळली. ठमाबाई शेवग्याच्या शेंगा बघत बसली.

त्या दिवशी तिला सहा महिन्यांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं. मग काय, पाटच फुटला.

“भुंग्या, ऊन कुठं आलं बघा. च्या झाला का? भांग पाडून झाला का? मग सोडा की मेंढरं, का भटजी बोलवायचाय मुहूर्ताला?”

“भुंग्या, देव अक्कल वाटत हुता तवा तुमी कुठं हुता? क्वार्टरात पंख्याखाली?”

रविवारी घरी असलेल्या स्वरूपानं हे ऐकलं. “आये, कुत्र्याला कोण अवो-जावो करतं?”

“माझं कुत्रं हाय. मी त्याला मान दीन न्हायतर फेटा बांधीन.”

रविराजचे कान लाल व्हायचे. बोलायचा काहीच नाही. बुटाचं टोक दगडावर घासत राहायचा, नाहीतर मेंढरं सोडून चालू पडायचा. ठमाबाईला त्याचा आणखीच वीट यायचा. मेंढराला कुणी ढुशी दिली तर तेसुद्धा उलट ढुशी देतं. ह्याला देवानं कणाच घातला नाही, पाठीत नुसता लगदा भरून पाठवला. आणि कुत्रंही दिवसेंदिवस त्याच्यासारखंच होत चाललं होतं. आधी कसं शेपूट वर करून भिरीभिरी हिंडायचं. आता नाव घेतलं की पोट जमिनीला, कान मागं. जसा राखणारा तसं कुत्रं, म्हणून ती भुंग्यालाही दोन शिव्या जास्त द्यायची.

दसऱ्याला अकरा दिवस राहिले होते. दुपारी चार वाजताच रविराज परत आला. कळप पांगलेला, पुढची मेंढरं बांधावर, मागची रस्त्यावर. त्याच्या शर्टाची बाही फाटली होती. कधी नव्हे तो बुटांवरच्या चिखलासकट अंगणात आला आणि तसाच भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. स्वरूपा साडेपाचला येईपर्यंत दोघांत एक शब्द नाही. मेंढी मात्र ओरडत होती. भोरी. तिचा आवाज ठमाबाईला छप्पन्नांत ओळखू यायचा.

“लांडगा होता,” रविराजनं बायकोला सांगितलं. “ओढ्यातनं वर आला. मी काठी घेऊन धावलो. ओरडतोय, भुंग्या, भुंग्या! आणि हा जागच्या जागी झोपला. डोळे मिटून. समोरनं कोकरू उचलून नेलं.”

“स्वरूपा, इचार, भोरीचंच का?”

“भोरीचंच,” तो बायकोला म्हणाला. पंधरा दिवसांचं होतं.

ठमाबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, “सांग त्यास्नी, उद्या व्यापाऱ्याला फोन लावा. ऱ्हायलेली तरी लांडग्याच्या तोंडी नकोत.” खाटकाच्या तोंडी चालतील का, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

“स्वरूपा,” रविराज म्हणाला, “मामींना म्हणावं, दसरा अजून आला नाही. दुसरा कुत्रा आणतो. सोनबांना एकदा बोलवा.”

सोनबा पलीकडच्या वस्तीवरचा, सत्तरीचा, जन्म मेंढरांमागं गेलेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. तो रविराजशी बोलला नाही, ठमाबाईशीही नाही. भुंग्याजवळ उकिडवा बसला, त्याचे दात बघितले, पाय दाबून बघितले. मग उठून वाडग्याच्या पलीकडं गेला आणि नुसतीच हाळी दिली, “हुर्र्र! ये, ये!” भुंग्या बाणासारखा सुटला. मेंढरांना वळसा घालून त्याच्या पायाशी शेपूट हलवत उभा.

“कुत्रं झ्याक हाय,” सोनबा म्हणाला. मग हळूच, “भुंग्या.”

कुत्रं जमिनीला चिकटलं. डोळे मिटले.

“ह्याला नाव घिऊन शिव्या कोन घालतं?”

ठमाबाई शेवग्याकडं बघायला लागली.

“आई घालती,” स्वरूपा म्हणाली. “कुत्र्याला न्हाय. ह्यास्नी.”

सोनबाला कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा तो खाली बसला आणि हसून हसून त्याला ठसका लागला. “ठमाक्का! आगं, शिव्या जावयाला आन् वळ कुत्र्याच्या पाठीवर? त्यो क्वार्टरातला जावई परवडला तुझ्यापरास!”

भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ठमाबाईला वाटलं. चाळीस वर्षं मेंढरं राखलेली बाई. कुत्र्याला कामाला नावानं बोलवायचं, रागावायचं तर नाव घ्यायचं नाही, हे तिनंच कधीकाळी सोनबाच्या सुनेला शिकवलं होतं.

“माझ्याकडं तीन पिल्लं हायत,” सोनबा डोळे पुसत म्हणाला. “कळपाला तसंबी एक कुत्रं पुरत न्हाय. एक मागं ऱ्हायलं की दुसऱ्यानं पुढं व्हायचं. एक देतो. पर आट हाय. जावयाला बोलायचं तर जावयाला बोल.”

“जावयाशी कशी बोलू? लोक काय म्हंत्याल?”

“लोकं तुझी मेंढरं राखायला येत्यात का?”

संध्याकाळी तो पाटीत पिल्लं घेऊन आला आणि वाडग्यात सोडली. दोन नर, एक मादी, दोन-अडीच महिन्यांची. ठमाबाई खाट वाडग्याजवळ ओढून बसली. पदर नीट केला. घसा खाकरला. गावातल्या सगळ्या मेलेल्या सासवा कुंपणावर बसून आपल्याकडं बघतायत असं तिला वाटलं.

“रविराज,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. “तुमाला काडीची अक्कल न्हाय.”

“बरं, मामी,” तो म्हणाला. “पिल्लू कुठलं घ्यायचं?”

“त्यो पट्ट्याचा नर. पंजा बघा केवढा हाय. सहा महिन्यात वाघ हुतंय.”

“नको.”

आपण चुकीचं ऐकलं असं ठमाबाईला वाटलं. “काय?”

“नको म्हटलं. भुंग्या नर आहे आणि आधीच घाबरलेला. हा दांडगा रोज त्याच्या उरावर बसणार. मला ती पाहिजे.”

ती म्हणजे मादी, मुठीएवढी, मातकट. मघापासून ती भोरीपाशी घुटमळत होती. कोकरू गेलेली भोरी कुणालाच जवळ येऊ देत नव्हती. तिनं ढुशी दिली, तशी कुत्री दोन कोलांट्या खाऊन पडली, उठली आणि वीतभर अंतर सोडून पुन्हा तिथंच बसली. पट्ट्याचा नर रविराजच्या बुटाची नाडी ओढत होता.

“ती? लांडग्याला ती न्याहारीला बी पुरणार न्हाय!”

“आज नाही पुरणार. मीही आज लांडग्यापुढं नेणार नाही. पण ती माझ्याकडं आली नाही मामी, मेंढीकडं गेली. आणि एक सांगतो. इतके दिवस तुम्ही कुत्र्याला बोलत होता. कुत्र्याला दिलेल्या शिवीला माणसानं उत्तर काय द्यायचं? आज मला बोललात, म्हणून बोलतो. कळप मी नेणार, तर कुत्री मी निवडणार.”

ठमाबाईनं सोनबाकडं पाहिलं. सोनबा तंबाखू मळण्यात गढून गेला होता. मेल्याला कणा होता, तर इतके दिवस कुठल्या स्टोअरात टाकून ठेवला होता?

“घ्या तीच,” ती म्हणाली. “रडत येऊ नका मग. नाव काय ठेवायचं?”

“ठेवलंय.”

“काय?”

“ते तुम्हाला सांगणार नाही. भुंग्याचंही बदललंय. तेही नाही.”

स्वरूपाला ठाऊक होतं, पण ती आईला दाद देईना. ठमाबाईनं दुधाचं आमिष दाखवलं, आजारपण काढलं, एकदा रडूनही बघितलं. रविराज कुत्र्यांना हाका मारायचा त्या बांध ओलांडून, वारं उलटं असताना. त्याच्या शिट्टीपेक्षा ही हुशारी बरी होती, पण तसं कबूल करायची तिच्यावर कुणी सक्ती केली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी स्वरूपानं दारात तोरण बांधता बांधता विचारलं, “आये, व्यापाऱ्याला फोन लावायचाय का?”

“माझ्यापाशी त्याचा नंबर हाय व्हय?” ठमाबाई खेकसली.

वाडग्याचं दार उघडून रविराज थांबला. पुढं कळप, मागं एक काळं आणि एक मातकट कुत्रं, दोघांची शेपटं वर. “मामी,” तो म्हणाला, “बोलायचं असेल ते आत्ता बोलून घ्या. पुढं गेल्यावर हाका मारलेल्या चालत नाहीत.”

ठमाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि सुरुवात केली. मेंढरं गर्दीनं सोडताय, गाभणीला धक्का लागंल. ओढ्याच्या अंगानं जायाचं न्हाय, आंधळं हाय काय. काठी अशी धरत्यात का, झाडू हाय का त्यो. तो काठी टेकून शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.

“झालं?”

“आजचं झालं,” ती म्हणाली, आणि त्यानं मेंढरं सोडली.