कंसातही नसलेलं नाव

‘घट्ट दाब गं सगुणे, खाडी झोपत न्हाय!’

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा बाबाचा आवाज. भर उधाणाच्या वाऱ्यात बांधावरून मारलेली ती हाक तहसील कचेरीच्या मागच्या खोलीत, ट्यूबलाइटच्या घरघरीत, पुन्हा कानाशी आली आणि सगुणाचं बोट पिवळ्या पानावर नकळत जोरात दाबलं गेलं.

“अहो, बोट उचला,” समोरच्या केसर मॅडम म्हणाल्या. “कागद आहे तो, चिखल नाही.”

सगुणाने बोट उचललं. घामाचा एक ओलसर ठसा पानावर उमटला आणि हळूहळू पुसट झाला.

केसर मॅडम अभिलेख कक्षात तेवीस वर्षं होत्या आणि पुढच्या चैत्रात रिटायर होणार होत्या. फडक्यात बांधलेले गठ्ठे त्यांना पाठीवरच्या डागावरून ओळखू यायचे. सगुणा तीन दिवस मुरुडला खेपा घालत होती. पहिल्या दिवशी त्यांनी तिला नीट बघितलंही नव्हतं, दुसऱ्या दिवशी अर्ज लिहून आणायला लावलं, आणि आज स्वतःच शिडीवर चढून गठ्ठा काढून दिला होता.

“अर्ज कोणी लिहून दिला?” शिडीवर चढण्याआधी त्यांनी विचारलं होतं.

“मीच लिवला. सातवीपतूर शिकले मी.”

“अक्षर चांगलंय,” असं म्हणून त्यांनी चष्मा लावला होता. तिथून त्यांचं जमलं.

गोष्ट एवढीच होती. सगुणाच्या धाकट्या भावाने, अनंताने, बाबाची खार विकली होती. खाडीच्या कडेची, बांध घालून समुद्राकडून ओढून घेतलेली भाताची जमीन. घेणारा हॉटेलवाला. त्या विक्रीच्या नोंदीची नोटीस गावच्या चावडीवर लागली, आणि माहेरच्या शेजारणीने, नीराबाईने, त्या नोटिशीचा फोटो काढून सगुणाला पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘बग’. कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. त्यातले नऊ गेले होते.

“हे बघा,” केसर मॅडमनी जुना सातबारा तिच्याकडे वळवला. “हे तुमचे वडील. नावाला कंस दिसतो ना? सरकार माणसाचं नाव खोडून टाकत नाही, कंसात घालतं. माणूस गेला तरी कंसात राहतो. आणि हा खाली तुमचा भाऊ. त्याच्या नावापुढं गोल आहे, गोलात आकडा. तो फेरफाराचा नंबर. नाव कोणत्या वाटेनं आलं ते बघायचं असेल तर त्या आकड्यामागं जायचं.”

सगुणाने पान वरून खाली वाचलं. मग खालून वर.

“आन माजं?”

“तुमचं कंसातही नाही. म्हणजे ते कधी लागलंच नाही.”

खिडकीबाहेर एसटी मागे घेत होते. कंडक्टरची शिट्टी, पुन्हा शिट्टी. सगुणाने पदराने मानेचा घाम पुसला. ज्या खारीत तिचं नाव कधी लागलं नव्हतं, तिथे तिची बोटं मात्र वर्षानुवर्षं लागली होती. गावात घरटी बांधाचा एकेक तुकडा नेमून दिलेला असे. उधाणात बांध फुटून खांड पडली की ज्याचा तुकडा, त्याचं अख्खं घर टोपल्या घेऊन धावे. अनंता तेव्हा पाळण्यात. बाबाच्या जोडीला ती. चिखलाचे गोळे हातोहात, आणि बायका पावसातच सूर धरत,

*भरती आली बाई, बांधाला भिडली*
*बाबाजीच्या हाताखाली लेक मातीला जडली.*

“मंग त्या आकड्यामागं जाऊ,” सगुणा म्हणाली.

केसर मॅडम हसल्या. “जेवून या आधी. दोन तास लागतील. अशा नोंदीमागचे कागद खरं तर कधीच जाळायचे होते. पण आमच्याकडं जाळणारा माणूस रिटायर झाला, आणि त्याची जागा भरलीच नाही.”

ती जेवायला गेली नाही. व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. अनंताला काय काय बोलायचं ते तिने मनात रचून ठेवलं होतं, एकेक शब्द कोयत्यासारखा परजून. त्याने लबाडी केली, एवढं कागदावर दिसू दे. मग बघते.

साडेतीनला केसर मॅडमनी तिला आत बोलावलं. फेरफाराच्या वहीला टाचलेला एक सुटा कागद होता, शाईने लिहिलेला. बाबा गेल्यावर तलाठ्याने घरी येऊन घेतलेला जबाब. सगुणाने तो हळू वाचला, ओठ हलवत.

‘मयत अंबाजी यास मुलगा अनंता याखेरीज दुसरा कोणीही वारस नाही. सदर जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’

खाली निळा अंगठा. अंगठ्याशेजारी तलाठ्याच्या अक्षरात, ‘गोदावरी अंबाजी नाक्ती, मयताची पत्नी’.

आय.

अनंतासाठी परजलेले सगळे शब्द तिच्या तोंडात तसेच राहिले. केसर मॅडमनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. सगुणाने ती घेतली, पण झाकण उघडायचं राहून गेलं.

“हे असंच असतं,” त्या म्हणाल्या. “मी असले शेकड्यांनी बघितलेत. लेकीचं नाव लावलं की जावई दारात येईल, जमीन दुसऱ्या गावाला जाईल. चुलते शिकवतात, आई बोलते.” मग कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवून, “अजून एकदा वाचा. अंगठा कोणाचा आहे ते डोक्यात ठेवून वाचा.”

सगुणाने पुन्हा वाचलं. मुलगा अनंता याखेरीज दुसरा कोणीही वारस नाही. अंगठा, मयताची पत्नी.

नवऱ्यामागे बायकोही वारस असते. लेकीला पुसताना आयने स्वतःलाही पुसलं होतं, आणि खाली अंगठा उठवून दिला होता. तलाठ्याच्या ध्यानात आलं नाही, चुलत्यांच्या नाही. आयच्या तर नाहीच नाही.

“नक्कल मिळंल?” तिने विचारलं.

“मिळेल. शिक्का मारून देते.”

*

हरकत दिल्याच्या चौथ्या दिवशी अनंता काशीदला आला. सगुणा तिथल्या एका लॉजवर जेवण रांधायची. नवरा गेल्यापासून हेच. मागच्या पायरीवर ती विळी घेऊन नारळ खवत बसली होती. अनंताने मोटरसायकल माडाला टेकवून लावली आणि हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. पन्नाशीच्या जवळ आलेला, कंपनीतून कमी केलेला, कानशिलं पांढरी.

“ताय, हे काय लावलंस?”

“खोबरं खवते. सोलकढी कराची हाय.”

“मस्करी नको करू. कचेरीत कागद टाकलास तू माज्यावर.”

“तुज्यावर न्हाय. नोंदीवर.”

“एकच झालं! लोक काय बोलतात माहितेय का? आख्ख्या पंचक्रोशीत कुठल्या बहिणीनं आजपतूर असं केलंय?”

“न्हाय केलं कुनी,” सगुणा म्हणाली. विळी थांबली नाही. “म्हनून तर तुमचं बरं चाललंय.”

अनंताने माडाकडे बघितलं, मग समुद्राकडे. किनाऱ्यावर पर्यटकांची पोरं उंटावर बसून ओरडत होती.

“गौरीला कोण बोलवंल तुला? भाऊबीजेला कुठं जाशील? माहेर तुटंल ताय तुजं.”

“माहेर तू इकलंस अनंता. आता काय उरलंय तोडाया?”

“मी सोळा वर्षांचा होतो तवा!” तो एकदम ओरडला. आतून लॉजचा मालक डोकावला आणि परत गेला. अनंताने आवाज खाली घेतला. “मला इचारलं कुनी? नाव लावलं, मी लावून घेतलं. तीस वर्षं खत, बी, मजुरी मीच बघितली. आता दोन वर्षं खारं पानी आत येतंय, दानाबी होत न्हाय. काय करू मी, मीठ पिकवू?”

ते खरंच होतं. तिने करवंटी बाजूला ठेवली, दुसरं भकल घेतलं.

“बांधाला खांड पडली तवा मला हाक मारायची व्हतीस,” ती म्हणाली. “आले असते मी.”

त्याने मोटरसायकल माडापासून सरळ केली. मग हेल्मेट डोक्यावर चढवत म्हणाला, “आयला आननार मी सुनावणीच्या तारखेला. तीच सांगंल साहेबाला, वारस कोन नि कोन न्हाय. मंग तुजं तोंड गप होईल.”

“आन. पन रिक्षानं आन. एसटीत चढताना तिचं गुडघं दुखतात.”

मोटरसायकल गेली. सगुणाने खवलेलं खोबरं पातेल्यात घेतलं, कोमट पाणी घातलं आणि पिळायला लागली. कागदाची नक्कल तिच्या पिशवीत होती. ती पुढे ठेवली तर आय भर कचेरीत खोटी ठरणार. नाही ठेवली तर सगुणा कोणाचीच लेक नव्हती. दूध निघून नुसता चोथा उरला तरी ती पिळत राहिली.

*

तारखेला मंडळ अधिकाऱ्याच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. एकीवर फायली, एकीवर साहेब, एकीवर अनंता. चौथीवर आय, नऊवारी नीट चापूनचोपून, ऐंशी पार केलेली, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. सगुणा दाराजवळ उभी राहिली. आयने तिच्याकडे बघितलं नाही. बाहेर हॉटेलवाल्याचा माणूस गाडी चालू ठेवून आत गारव्यात बसला होता.

साहेब तरुण होते, चष्मा सारखा वर सारणारे. त्यांनी हरकतीचा अर्ज उघडला.

“सगुणाबाई, तुमचं म्हणणं काय?”

“लिवलंय त्यात.”

“तोंडी सांगा.”

सगुणाने पिशवीतून नक्कल काढली आणि टेबलावर ठेवली. “हा जबाब खोटा हाय. अंबाजीचे वारस तिघं हायत. एकाचंच नाव लागलं. एकट्याला जमीन इकता येत न्हाय.”

“साहेब,” अनंता पुढे झुकला, “जबाब माझ्या आईचा आहे. आई इथं बसलीय. तिलाच विचारा ना.”

साहेबांनी नक्कल वाचली. मग पुन्हा अर्ज हातात घेतला, आणि त्यांचा चष्मा वर सारायचा हात अर्ध्यात थांबला.

“तिघं म्हणजे? यात तुम्ही राहून गेलेल्या वारसांची नावं लिहिलीत. एक, गोदावरी अंबाजी नाक्ती. दोन, सगुणा. ही गोदावरी म्हणजे...”

“ही,” सगुणा म्हणाली. “बसलीय ती.”

अनंताने वळून बघितलं. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. “आयचं नाव कशाला घातलंस तू?”

“बायको व्हती ती त्याची. चिखल तिनंबी वाहिलाय. पयलं नाव तिचंच.”

खोलीत पंखा फिरत होता. टेबलावरचा अर्ज त्या वाऱ्याने उडायला बघत होता, साहेबांनी त्यावर स्टेपलर ठेवला. आयने काठीवरचा एक हात काढला आणि पुढे केला.

“दाव,” ती म्हणाली.

“आये, तुला दिसनार न्हाय ते,” अनंता म्हणाला. “साहेब, मोतीबिंदू आहे तिला.”

“दिसतं मला. दाव.”

साहेबांनी नक्कल तिच्या हातात दिली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, वाचता येत नव्हतं तरी. निळा अंगठा झेरॉक्समध्ये काळा झाला होता. आयने त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला, जसं मापाला माप लावतात.

“आजी, अंगठा तुमचा का?”

“माजा.”

“मग यात लिहिलंय ते खरं का?”

अनंता हलक्या आवाजात म्हणाला, “सांग आये. घरी काय ठरलं आपलं?”

आयने कागदावरचा अंगठा उचलला नाही. बोलली तेव्हा आवाज बारीक होता, पण तुटत नव्हता.

“त्यांचं बारावं झालं नि तलाठी आला. दिरांनी सकाळीच मला शिकवून ठेवलं, काय बोलायचं ते. ही तवा घरातच व्हती. रडून रडून डोळं सुजलेलं हिचं. आत चुलीपाशी व्हती. च्या घेऊन भायेर आली, कप ठेवला त्याच्यापुढं. तलाठ्यानं इचारलं, ही कोन?”

सगुणाने दाराची चौकट धरली.

“मी म्हनलं, शेजारची हाय. कामाला येते.” आयने पहिल्यांदा मान वळवली आणि लेकीकडे बघितलं. “तू ऐकलं नसशील असं वाटायचं मला. कप ठेवून तू आत गेलीस, तशीच गेलीस. आजपतूर तुला सांगायचं झालं न्हाय गं.”

ऐकलं होतं की नव्हतं, ते सगुणाच्या चेहऱ्यावरून कोणालाही कळलं नसतं.

आयने कागद टेबलावर परत ठेवला आणि काठी जमिनीवर टेकवून उभी राहिली. अनंता धरायला आला, तिने त्याचा हात बाजूला केला.

“लिवा सायेब,” ती म्हणाली. “दोन पोरं हायत मला. ही शेजारची न्हाय. ही माजी थोरली.”