धडधडताना मोजलेले आकडे

हे मी सांगायचं नव्हतं. "घरातलं घरात राहू दे," असं नीलानं बजावलं होतं. पण मी बीपीची मशीन. आत दाबलेलं बाहेर सांगणं हेच माझं काम.

दापोडीच्या या घरात मी आले ती ज्ञानदेवांच्या निवृत्तीची भेट म्हणून. चाकणच्या कंपनीत ते मेंटेनन्सला होते. पहिल्या दिवशी सगळ्यांनी हौसेनं दंड पुढे केले. "माझं जास्त आलं, मीच जिंकले!" असं त्यांच्या पत्नी अंबुबाई म्हणाल्या, तेव्हा केवढे हसले सगळे!

मग त्यांची सून नीला गरोदर राहिली. चौथ्या महिन्यात तिला एकाएकी घाम फुटायचा, डोकं ठणकायचं, छाती धडधडायची. दहा मिनिटांत सगळं ओसरायचं. अंबुबाईंची शिस्त पक्की. "आधी पाणी पी, शांत बस, मगच पट्टा बांध." शांत बसल्यावर मी नेहमीचे, चांगले आकडे दाखवायचे. दवाखान्यातही तसंच. "पहिलटकरणीची भीती गं," म्हणायचे सगळे. मला मात्र खोटं बोलल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी ज्ञानदेव चिडले. "मशीन गप्प झाल्यावर तपासता होय? आवाज करते तेव्हाच कान लावायचा!"

"सून म्हणजे तुमची मशीन आहे का?" अंबुबाई फणकारल्या.

नववीतली साक्षी, नीलाची नणंद, हे ऐकत होती. पुढच्या वेळी नीला भिंतीला टेकली, तशी तिनं मला धावत आणलं. "वहिनी, हात." मी फुगले, आणखी फुगले. दोनशे बारा, एकशे चोवीस.

"पुसून टाक गं," नीला पुटपुटली. "कळलं तर कंपनीवाले नोकरीवरून घरी बसवतील मला."

साक्षीनं ते वेळेसकट वहीत उतरवलं होतं.

ती वही पाहून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. लघवीची तपासणी, मग एमआरआय झाला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ होती, दाब वाढवणारा रस मधूनच रक्तात सोडणारी. "हे न कळता बाळंतपण झालं असतं, तर दोघांच्याही जिवावर बेतलं असतं," त्या म्हणाल्या. आधी गोळ्यांनी दाब आवरला, मग पाचवा महिना सरताना गाठ काढली. त्या दिवसांत मी दिवसातून सहादा नीलाच्या दंडावर असायचे. तो ऊबदार दंड अजून आठवतो.

माझ्यात शेवटचे साठच आकडे राहतात. ते दोनशे बाराचे आकडे केव्हाच पुसले गेले. मला मात्र पाठ आहेत. आता मी बहुतेक वेळ कपाटात असते. नीलाची लेक आम्रपाली तीन वर्षांची आहे. ती माझा पट्टा बाहुलीला बांधते, मी 'एरर' दाखवते आणि ती टाळ्या पिटते.

एकच मागणं आहे. कुणाची छाती अशी धडधडली, तर ती शांत व्हायची वाट बघू नका. पट्टा बांधा तो—

"आत्या, मशीन! बाहुलीला घाम आला! आत्ता, आत्ता!"