नटावरची रेघ

“बाबा, मागचा स्वे बार बदलायचाय. बावीस मिलिमीटरचा बसवा,” जावई म्हणाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझा जावई ग्रंथपाल आहे. नाकासमोर चालणारा माणूस, आणि गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नाही. लग्नानंतर एकदा टायर पंक्चर झाला, तर जॅक कुठे लावायचा हे विचारायला त्याने मला फोन केला होता. आणि आज हा गृहस्थ माझ्या गॅरेजच्या दारात उभा राहून मला बारची जाडी सांगतोय! मी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हटलं, “बसा, जावईबापू. बावीसच का?”

तो पाठ केलेला धडा म्हणावा तसा बोलायला लागला. वेगात वळवली की गाडी वळणाबाहेर सरकते, मागचा बार जाड केला की नाक आत येईल, महिन्यातून एका रविवारी ट्रॅकवर न्यायचीय, एरवी गावातच फिरेल. त्याचा शब्द न् शब्द बरोबर होता आणि तीच तर भानगड होती. एवढं बरोबर तो आपल्या मनाने बोलूच शकत नाही.

स्वे बार म्हणजे तसं काही मोठं नाही. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की तो पीळ खातो आणि तिला आवरतो. तीस वर्षं मी हेच करतोय. बार जाड केला की ट्रॅकवर मजा, पण रस्त्यावर एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हादरतं, आणि ओल्या वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू फिरून पुढे यायला बघते. एकोणीस आणि बावीसमध्ये फरक बोटभरही नाही, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. आणि याच गाडीत मागच्या सीटवर माझा नातू बसतो. मी सांगून टाकलं, एकोणीसच्या वर मी जाणार नाही.

त्याने वाद घातला नाही. बाहेर जाऊन कुणाला तरी फोन केला, मान डोलावत परत आला आणि म्हणाला, “एकोणीस चालेल. पण तीन भोकांचा हवा.”

चालेल कुणाला? मी विचारलं नाही. मी विचारत नाही, मी बघतो. आमची ही म्हणते, देवाने मला डोळे दिले ते संशय घ्यायलाच.

या बारच्या टोकांना ओळीने तीन भोकं असतात. बाहेरच्यात जोडला की बार मऊ लागतो, आतल्यात जोडला की कडक. मी मुद्दाम बाहेरच्या भोकात जोडला आणि जावयाला ठोकून दिलं की मधल्यात आहे. मग माझ्या सवयीप्रमाणे नट आणि त्याखालची बारची पट्टी या दोन्हींवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. नट कुणी जरा जरी फिरवला की रेघ मोडते. माझ्या हातून गेलेल्या गाडीला कुणी हात लावला तर मला कळलंच पाहिजे.

दीड महिन्याने गाडी ऑइल बदलायला आली. मी आधी खाली वाकून मागची बाजू बघितली. पिवळी रेघ नव्हती. बोल्ट आतल्या भोकात गेला होता आणि नटावर नवी रेघ होती, लाल. नखाने खरवडून बघितली तर नेलपॉलिश!

मी गाडीत जाऊन बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. जावई माझ्याहून टीचभर उंच, मग सीट एवढी पुढे कुणी ओढली? सीटखाली केसांचा रबर सापडला. माझी मुलगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथे नेलपॉलिश चालत नाही. कामाला ती स्कूटरवर जाते. गाडी तर ती शिकलीच नाही, निदान मला तसंच सांगत आली होती. मग ही बाई कोण? मुलीचा संसार माझ्या डोळ्यांसमोर मोडायला लागला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती, त्या घालतच राहिली. म्हणाली, एवढंच वाटतंय तर रविवारी ट्रॅकवर जाऊन बघून या. आणि हसली. मुलीच्या संसाराची वाट लागतेय आणि ही हसते म्हटल्यावर मी हिच्यावरही संशय घेतला.

रविवारी मी न सांगता ट्रॅकवर पोचलो. जाताना हत्यारांची पिशवी बरोबर घेतली. का ते विचारू नका, मी तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. कठड्याजवळ जावई घडीच्या खुर्चीवर बसला होता. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात स्टॉपवॉच. मला बघताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, गाडी कुठाय? त्याने स्टॉपवॉचचा हात समोर केला.

गाडी शेवटच्या वळणात शिरत होती. चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर सोडला तशी मागची बाजू जरा बाहेर आली, आतलं चाक चार बोटं वर उचललं गेलं, आणि मला वाटलं आता गेली. पण स्टिअरिंग नुसतं हललं, पुन्हा ॲक्सिलरेटर मिळाला आणि गाडी सरळ झाली. घाई नाही, घाबरणं नाही. बाई कुणी का असेना, हात चांगला होता. हे कबूल करताना मला स्वतःचाच राग आला.

गाडी आत येऊन थांबली. हेल्मेट निघालं. माझी मुलगी होती.

ती हसत उतरली. मग तिला मी दिसलो. हसू गेलं आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

चौदा वर्षांची होती तेव्हा अगदी अशीच उभी राहिली होती. शाळा सुटली की ती गॅरेजमध्ये यायची, मी गाडीखाली असलो की उजेडाला बॅटरी धरायची. एका गाडीच्या सांध्यांतल्या रबराच्या बुशा महिन्याभरात फाटल्या आणि गिऱ्हाईक बोंबलत आलं. बुशा आवळताना गाडीचं वजन चाकांवर पाहिजे. चाकं हवेत लोंबत असताना आवळल्या की रबर पिळलेलंच राहतं आणि फाटतं. बुशा बसवल्या त्या दिवशी तिच्या हातात पाना होता, एवढं मला आठवलं. सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं की उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही. तिने काळे झालेले हात पाठीमागे लपवले आणि निघून गेली. पुन्हा आली नाही.

त्या बुशा मीच आवळल्या होत्या. आठवड्याभरात मला सगळं नीट आठवलं. तिला सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू करत वीस वर्षं गेली.

“बाबा, यांची काही चूक नाही,” ती म्हणाली. “मीच यांना तुमच्याकडे पाठवलं.”

“हात दाखव.”

तिने हात पुढे केले. नखांत ग्रीस होतं आणि एकाही नखावर नेलपॉलिश नव्हतं. जावयाने पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि हळूच सांगितलं की ती बाटली रेघेसाठीच आणलीय, तुमचा पिवळा रंग तिला कुठे मिळाला नाही.

तेवढ्यात थेंब पडायला लागले. ट्रॅकवरच्या गाड्या आत यायला लागल्या. मुलीने वर बघितलं, मग मागच्या चाकाकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, “बघतेस काय? ओल्यात बार मऊ पाहिजे.”

तिने चार लाकडी फळ्या टाकल्या आणि गाडी हळूच त्यांवर चढवली. जॅक लावला नाही. चारही चाकांवर गाडीचं पूर्ण वजन ठेवून ती पाठीवर आत सरकली. हे तिला कुणी शिकवलं, असा एक संशय मला तिथेही आला. मग कळलं की शिकवणारा मीच. मी पिशवीतून सतराचा पाना काढून तिच्या हातात दिला, गुडघे टेकले आणि बॅटरी धरली.

तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसते हात दिसत होते. तिने लाल रेघ मोडली, आतल्या भोकातला बोल्ट काढला. मी म्हटलं, “त्या बुशा तेव्हा मीच आवळल्या होत्या.”

पाना थांबला.

“माहीत आहे,” ती गाडीखालून म्हणाली. “मला तेव्हाच माहीत होतं. बाबा, हात हलवू नका, दिसत नाहीये.”

हात हलत होता खरा. मी दुसऱ्या हाताने तो धरला आणि उजेड नटावर ठेवला.