शेवटचा स

माझी धाकटी बहीण कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी चारचौघांत गमतीनं म्हणायची. आमचा धंदाच कानाचा, त्यामुळे लोक हसायचे. हल्ली मी ते गमतीनं म्हणत नाही.

आमचं दोघींचं मिळून दोन खोल्यांचं केंद्र आहे. आतल्या खोलीत मी श्रवणयंत्रं बसवते, कानाचे साचे बनवते, घासते, चमकवते. एकतीस वर्षं झाली. बाहेरच्या खोलीत धाकटी कमी ऐकू येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते. मी तापट, ती थंड डोक्याची. मी म्हणते, मशीन नीट बसलं की मूल बोलतं. ती म्हणते, मशीनला काय कळतंय, मुलाला विचार. आमचं हे रोजचंच आहे.

एका मंगळवारी भिंगरीची आई आली. भिंगरी सहा वर्षांची, दोन्ही कानांत यंत्रं. एका जागी म्हणून ठरायची नाही, तेव्हा हे नाव मीच ठेवलं होतं. तिची आई शहर बस चालवते. बाई मूळची लांबची, तिची भाषा लिथुआनियन, आणि मुलीशी ती तीच बोलायची. आपली भाषाही छान बोलते, फक्त रागावली की ‘ती रस्ता’ आणि ‘तो गाडी’ सुरू होतं.

तिच्या हातात शाळेचं पत्र होतं. मुलगी शब्द अर्धेच बोलते, दोन भाषांचं ओझं तिला झेपत नाही, तरी घरची भाषा बंद करावी. तीन आठवड्यांनी बैठक. फरक दिसला नाही तर मुलीला मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात बसवणार.

“ताई, काय करू?” ती म्हणाली. “भाषा बंद केली तर माझी आई हिच्याशी फोनवर काय बोलणार? आणि मी तरी?”

बाहेर सात माणसं खोळंबली होती. “करा बंद काही दिवस,” मी म्हटलं. “दोन्ही डगरींवर हात कशाला? एक तरी धड येऊ दे.”

धाकटी दारात उभी होती. तिनं विचारलं, “अर्धे म्हणजे, पुढून की मागून?”

“मागून. माझ्या भाषेतसुद्धा. हे कुणाचं, ते कुणाचं म्हणतो ना, ते तिला येतच नाही. आईचं, आजीचं, मावशीचं.”

“आणि बाबांचं?”

“बाबांचं? ते... ते येतं वाटतं. कधी लक्ष नाही दिलं.”

“मला शिकवाल?” धाकटी म्हणाली. “मलाच ते नीट म्हणता आलं नाही, तर ती काय चुकते ते मला कसं ऐकू येणार?”

घ्या! शेहेचाळीस वर्षांची बाई, शाळेत दुसऱ्या भाषेत काठावर पास झालेली. मी कपाळाला हात लावला.

शेवटच्या थांब्यावर बस बारा मिनिटं उभी असते. धाकटी रोज दुपारी डबा घेऊन तिथे जायला लागली. गाडी रिकामी, बसवाली बाई पायरीवर आणि ही खाली रस्त्याकडेच्या कठड्यावर. एक दिवस मजा बघायला मीही गेले.

“आई म्हणजे मामा,” बाई म्हणाली.

“अगं बाई! मग मामीचं काय केलंत?” मी म्हटलं.

धाकटीनं माझ्याकडे एक नजर टाकली.

“मामा. आणि आईचं म्हणायचं झालं की मामोस. मामोस बाताइ, आईचे बूट. मामोस केपुरे, आईची टोपी. मामोस क्निगा, आईचं पुस्तक.”

“बूट, टोपी, पुस्तक, सगळ्यांना मामोसच?” धाकटी म्हणाली. “आमच्याकडे वस्तू बघून चा, ची, चं. तुमच्याकडे वस्तू कसली का असेना, बदलायचं ते आईनंच.”

“आईनंच बदलायचं असतं हो,” बाई म्हणाली आणि घड्याळ बघून चालकाच्या जागेवर जाऊन बसली.

चार दिवस धाकटीची जीभ काही वळेना. टोपी आली की ‘मामोसी’ म्हणायची. बसवाली हसून हसून बेजार. पण ही हटणारी नव्हे. आरशासमोर उभी राहून घोकायची, भांडी घासताना घोकायची. आजीचं मोच्युतेस, मावशीचं तेतोस, बहिणीचं सेसेस. घरभर चिठ्ठ्या डकवल्या. माझ्या चष्म्याच्या डबीवर ‘सेसेस’, माझ्या किटलीवर ‘सेसेस’, माझ्या उशीवरसुद्धा. “मी काय कपाट आहे, पाट्या लावायला?” असं मी ओरडलेदेखील. पण तेरा दिवस एकही दुपार न चुकवता ती गेली, आणि शेवटी बसवाली म्हणाली की डोळे मिटले तर माझी थोरली मावशीच बोलतेय असं वाटतं. खरं सांगते, एकतीस वर्षांत मी कुणाच्या एका कानासाठी एवढे कष्ट घेतले नव्हते.

त्याच दिवशी धाकटीनं तिला सहज विचारलं, “घरी लेकीशी बोलता ना हे सगळं?”

“नाही,” बाई म्हणाली. “ताईंनी बंद करा सांगितलं ना. तिला हाक मारायलाही दोनदा विचार करते. आता फक्त तुमच्याशी बोलते, इथे पायरीवर.”

धाकटीनं घरी येऊन मला ते सांगितलं. माझा घास हातातच राहिला, तरी आपला शब्द मागे घ्यायला काही मी गेले नाही.

शनिवारी भिंगरीची परीक्षा. धाकटीकडे भरतकामाची एक गोल चौकट आहे, तिच्यावर पातळ जाळीचं कापड ताणलेलं. ती तोंडासमोर धरली की आवाज येतो, पण मुलाला ओठ वाचता येत नाहीत. टेबलावर आईची टोपी, बाबांचे बूट, दादाचं पुस्तक, आजीची टोपी. वस्तू तिनं मुद्दाम अशा निवडल्या होत्या की त्यांच्या नावाच्या शेवटी स नाही. स असलाच तर तो मालकाच्या शेवटी.

“तेचो बाताइ,” चौकटीमागून धाकटी म्हणाली. बाबांचे बूट.

“तेचो बाताइ!” भिंगरी खणखणीत.

“ब्रोलियो क्निगा.” दादाचं पुस्तक. तेही बरोबर.

“मामोस केपुरे.”

“मामो केपुरे.”

“मोच्युतेस केपुरे.”

“मोच्युते केपुरे.”

पुरुषांचं दहापैकी दहा. त्यांच्या शेवटी स नव्हताच. बायकांचं दहापैकी एक. धाकटीनं चौकट खाली ठेवली आणि आपल्या भाषेत विचारलं, “आई काय चालवते गं?”

“ब,” भिंगरी म्हणाली. “मोठी ब.”

आम्ही सगळे या ‘ब’वर वर्षभर कौतुकानं हसत होतो. सगळ्यांत जास्त मी.

धाकटीनं भिंगरीची फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली आणि हळूच म्हणाली, “ताई, एकदा पट्टी बघतेस?”

अक्षर माझंच होतं. तेरा महिन्यांपूर्वीचं. ‘यंत्र शिटी मारते. बारीक आवाजांची पट्टी उतरवली. नवा साचा पुढच्या खेपेस.’ मुलाचा कान वाढतो, जुना साचा सैल होतो, फटीतून यंत्र शिटी मारतं. उपाय नवा साचा. पण त्या दिवशी गर्दी होती, बाईला ड्युटीवर जायचं होतं, मी संगणकावर बारीक आवाज खाली ओढले आणि शिटी गप्प केली. शिटीबरोबर तिच्याच पट्टीतला स पण गेला. पुढच्या खेपेस मी यंत्र पुसलं, बॅटरी बदलली आणि साचा विसरले. पोरीचं डोकं लख्ख होतं. शाळेनं भाषेला दोष दिला, मी आईचं तोंड बंद केलं, आणि चूक माझ्या फाईलमध्ये. काखेत कळसा, दुसरं काय!

धाकटीला याचा संशय कधी आला असेल? बहुतेक पहिल्याच आठवड्यात. पण तिनं मला धारेवर धरलं नाही. आधी पुरावा उभा केला, मग मला माझ्याच डोळ्यांनी वाचू दिलं. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं.

मी तिथेच नव्या साच्याचा ठसा घ्यायला भिंगरीच्या कानांत दोरा बांधलेला कापूस सरकवला, गुलाबी लगदा भरला आणि पाच मिनिटं तिला हलू न देण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या. रविवारी साचे घासले. सोमवारी सकाळी बसवले, पट्टी वर नेली. शिटी नाही. भिंगरी एकदम गप्प झाली. मग दाराकडे बोट दाखवून म्हणाली, “स्स्स कोण करतंय?” बाहेर थांब्यावर बसचं दार उघडत होतं.

मंगळवारी बैठकीला मीही गेले. शाळेच्या मोठ्या बाईंनी सुरुवात केली, “भाषेचं ओझं...” मी मध्येच फाईल त्यांच्यापुढे ठेवली.

“ओझं नाही,” मी म्हटलं. “चूक माझी आहे. हे अक्षर माझं. वर्षभर मी या पोरीला स ऐकूच दिला नाही. मागे पडलेल्यांच्या वर्गात कुणाला बसवायचंच असेल तर मला बसवा.”

मोठ्या बाईंनी फाईल दोनदा वाचली. “हे लेखी द्याल?” त्यांनी विचारलं. मी तिथेच लिहून दिलं. भिंगरी आहे त्याच वर्गात राहिली.

बाहेर आलो. आईची ड्युटीची टोपी डोक्यावर घालून भिंगरी धाकटीचा हात धरून पुढे उड्या मारत चालली होती, आमच्याकडे पाठ करून. बसवाली बाई माझ्या शेजारी रेंगाळली.

“ताई, आता बोलू का?”

एकवीस दिवस तिनं माझा शब्द पाळला होता. मला रडू फुटलं. “बोला हो,” मी म्हटलं. “मी चुकले. कुणाचं ऐकू नका आता, माझंसुद्धा.”

तिनं घसा साफ केला आणि मागूनच, फार मोठ्यानं नाही, विचारलं, “किएनो केपुरे?” कुणाची टोपी?

भिंगरीनं वळूनही पाहिलं नाही. “मामोस्स्स!” ती ओरडली, आणि तो स तिनं फाटकापर्यंत ओढत नेला.

मग बाई बोलायला लागली ती थांबेचना. तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं, धावत, लेकीच्या मागे मागे. मला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. भिंगरीला सगळं कळत होतं.