दुसरी किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. आता लागत नाही आणि उघडतही नाही. दारामागच्या खुंटीला नुसता लटकून असतो. पण स्वभाव काही गेला नाही. घरात कुणी आलं की आधी त्याच्या हातांकडे बघतो. मी तरी काय करू? संशय हाच माझा धंदा. भोळं कुलूप कुणी विकत घेतं का?

माझा जन्म अलिगढचा, पण मला माणसं कळू लागली ती दौंडच्या बाजारात. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुकानात मी टांगलेला होतो. तिथून मला झुंबरबाईंनी घेतलं. इनामगावच्या अलीकडे, घोड नदीच्या काठी त्यांची वस्ती. थोरला दत्ता सैन्यात भरती झाला होता आणि त्याच्या काळ्या ट्रंकेला कुलूप हवं होतं. बाईंनी दुकानातलं एकेक कुलूप लावून, हिसका मारून पाहिलं.

“मावशी, कुलपं हायती, बैल न्हाईत. किती वढताय?” दुकानदार वैतागला.

“माझ्या पोराच्या पेटीला लावायचंय. बघूनच घेनार.”

शेवटी मी पसंत पडलो. मला दोन किल्ल्या होत्या. स्टेशनवर बाईंनी त्या दोन्ही दत्ताच्या करदोड्याला बांधून दिल्या. एखादी घरी ठेवावी, हे त्यांच्या मनातही आलं नाही. गंमत बघा, पेटीसाठी एवढी चिकित्सा करणाऱ्या त्या माउलीने पोरगा मात्र देशाच्या हवाली केला तो डोळे मिटून.

देशावर त्यांचा भारी जीव होता. दत्ता सुट्टीवर आला की मीही ट्रंकेबरोबर यायचो आणि सोप्यात दाराकडे तोंड करून बसायचो. समोरच्या शाळेत सकाळी राष्ट्रगीत सुरू झालं की बाई हातातला खराटा खाली ठेवायच्या आणि पदर सावरून अंगणात ताठ उभ्या राहायच्या. एकदा तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली, पण बाई हलल्या नाहीत. धाकटी तेजश्री हसली, तर तिलाही दंडाला धरून उभं केलं. पुढे तीच पोर सीमा सुरक्षा दलात जायचं म्हणून पहाटे कालव्याच्या कडेने धावू लागली. बाईंनी तिला पळायचे बूट आणून दिले आणि सगळ्या वस्तीला दाखवले.

मग ती थंडी आली. वर ती दिवाळीच्या आधीच पडते. दत्ता वर बर्फातल्या चौकीवर गेला की ट्रंक खाली तळावर राहायची. त्या खेपेला तो लवकर परतला नाही. परक्या हातांनी ट्रंक उचलली आणि एका इस्पितळात पलंगाखाली सरकवली. तिथून मला पलंगाचे पाय तेवढे दिसत. काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मला तेव्हाच वास आला होता.

दिवाळी होऊन गेल्यावर आम्ही घरी आलो. लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि त्याच्या पायांवर पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत. बाई तांब्या घेऊन उभ्या होत्या.

“बूट काढ, दत्ता.”

“राहू दे, आई. लई दमलोय. तसंच घाल पानी.”

बाईंनी बुटांवरच पाणी घातलं. त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे मी पाहिलं, मित्रांनो. कुलपाला संशय ओळखता येतो.

त्यानंतर घरात सुख म्हणून राहिलं नाही. दत्ता मोजे घालून झोपे. आंघोळीला विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे जाई. चालताना डावा पाय जपून टाकी आणि विचारलं तर म्हणे, ढेकळात मुरगळला. पहाटे सगळे उठायच्या आत तो मला उघडायचा आणि खिशात टाकायचा, म्हणजे मलाही काही दिसू नये! झेंड्याच्या कट्ट्यावर चपला काढूनच चढायचं असा गावाचा नियम, म्हणून तो त्या बाजूलाही फिरकेना.

वस्तीवर कुजबुज सुरू झाली. पळून आला असंल. बाईंनीही आधी पोरावरच संशय घेतला. मग तो संशय फिरला आणि देशावर गेला.

“धडधाकट पोरगं दिलं व्हतं म्या,” भाकरी थापता थापता त्या बोलायच्या. “काय करून धाडलं त्याला? आन् मला कुनी सांगंना. का लपवत्यात?”

शाळेतलं राष्ट्रगीत सुरू झालं, तरी आता खराटा थांबत नव्हता. उलट जास्तच जोरात चालायचा. मला ते ऐकवत नसे. एक दिवस तेजश्रीचे बूट त्यांनी माळ्यावर, पोत्यांच्या मागे टाकून दिले. भरती तोंडावर आलेली. पोर अनवाणी धावायची आणि रात्री काटे काढत रडायची.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी सरपंच सर्जेराव आले. “मावशी, औंदा झेंडा तुमच्या हातनं. जवानाची आई तुम्ही.”

“माझं पोरगं झेंड्यापशी का येत न्हाई, त्ये आधी सांगा. मग येते.”

सर्जेराव खाली मान घालून गेले. दत्ता उसाला पाणी द्यायला गेला होता. बाई उठल्या, वरवंटा घेऊन आल्या आणि माझ्यावर घाव घातला.

मित्रांनो, सगळा जन्म मी कुणापुढे वाकलो नव्हतो. पण घाव घालताना ती बाई रडत होती. पहिल्यांदाच मला वाटलं, आपण तुटावं. आणि मी तुटलो.

ट्रंकेत वेगळा बूट होता, डाव्या पायाचा. त्याच्या पुढच्या भागात, बोटांच्या जागी, रबराची गादी भरलेली. शेजारी मलम आणि पट्ट्या. बाई ती गादी हातात घेऊन उलटसुलट करत बसल्या. तेवढ्यात दत्ता दारात आला.

“बोटं बर्फानं खाल्ली, आई,” तो म्हणाला. “कापावी लागली.”

“तुझ्या सायबानं का न्हाई कळवलं?”

“कळवनार व्हते. म्याच हात जोडले. म्हनलं, तुला कळलं तर तू राष्ट्रगीताला उभी ऱ्हायची न्हाईस. तेजूला जाऊ देनार न्हाईस.”

“म्हंजी देशानं न्हाई लपवलं. तू लपवलंस.”

“व्हय.”

बाईंनी तांब्या आणला. त्याला पुन्हा उंबऱ्याबाहेर उभं केलं, मोजा स्वतःच्या हाताने काढला आणि जिथे बोटं नव्हती तिथे पाणी घातलं. राहून गेलेली रीत अशी पुरी झाली. मग म्हणाल्या, “सायबाचा नंबर दे. तिथं पोरांच्या पायात काय घालत्यात, त्ये इचारनार हाय मी. देश माझा हाय, तर इचारायचं बी मलाच.”

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर दत्ताने सगळ्यांसमोर बूट काढले आणि बाईंनी झेंडा फडकवला. हे मला तेजश्रीने सांगितलं. तिचे बूट तेव्हा पुन्हा तिच्या पायांत होते.

तेजश्री भरती झाली. काळी ट्रंक तिच्याकडे गेली आणि बाई दौंडहून नवं कुलूप घेऊन आल्या, हिसके मारून मारून. आता राष्ट्रगीत लागलं की त्या उभ्या राहतात. पण पूर्वीसारखं टक लावून समोर बघत नाहीत. हात गळ्याशी असतो. तिथे काळ्या दोऱ्यात नव्या कुलपाची एक किल्ली आहे.

मित्रांनो, कुलपांना अधूनमधून तेल देत जा, आम्ही लवकर गंजतो. आणि घरातून लांब जाताना पेटीला कुलूप खुशाल लावा. फक्त दुसरी किल्ली आईपाशी ठेवून जा.