पळेलसुद्धा

माहेरी पळून जायला नज्लाने सासरच्या गच्चीवरून उडी मारली आणि घोटा मोडून बसली. सासूने गावच्या हाडवैद्याकडून अंड्यापिठाचा लेप देऊन त्यावर बोरूच्या कांबट्या बांधून घेतल्या. पाय काळानिळा पडला तेव्हा कुठे नवरा अव्वाद आणि सासू तिला सोहाग शहरात डॉक्टरकडे घेऊन गेले.

"हाड वाकडं जुळतंय," एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाला. "ऑपरेशन करून प्लेट बसवू. नाहीतर पोरगी जन्मभर लंगडेल."

"आणि बसवली तर?" सासूने विचारलं.

"अहो हाज्जा, चालेल काय, पळेलसुद्धा."

नज्लाने डोळे मिटून घेतले. मेल्याने तेवढा एक शब्द गिळला असता तर.

सासू लेकाला म्हणाली, "ऊठ रे. आपल्या कांबट्याच बऱ्या."